जर्मनीत पोचल्यावर पहिलं काम कोणतं?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): भाचा सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीला निघतोय. शेअर्ड फ्लॅटमध्ये खोली मिळालीय, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो भरलेत. पोचल्यावर कामांचा क्रम काय ठेवावा? आणि ताई तूप-पेढे बांधून देतेय, चालेल ना?

उत्तर १: सगळ्यात आधी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून साधारण 14 दिवसांत करायची. नुसता भाडेकरार पुरत नाही. भाचा तिथे राहायला आलाय असं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. किल्ली घेतानाच ते मागून घ्यायला सांगा. अपॉइंटमेंट वडोदऱ्यातूनच ऑनलाइन शोधायला लागा. मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही. आणखी एक, पत्रपेटीवर आडनाव हवंच. नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, पिन, टॅक्स नंबर सगळं पोस्टानेच येतं.

उत्तर २: ब्लॉक्ड अकाउंटातून महिन्याला 992 युरोच सुटतात, तेही तिथलं रोजच्या वापराचं बँक खातं जोडल्यावर. तोवरचं भाडं आणि डिपॉझिट भागेल एवढे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवा.

उत्तर ३: तूप-पेढे अजिबात नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. त्याऐवजी गोडा मसाला, मेतकूट द्या. कुकर इंडक्शनचा, स्टीलचा घ्या. साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवायला सांगा.

प्रश्नकर्ता: ताईला आत्ताच फोन करतो. मालकाच्या पत्रासाठी आजच मेल टाकायला लावतो.