'निरंक' म्हणजे शून्य, की नोंदच नाही?

चाळीसगावकर:
मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीय. तालुक्यातल्या एका कार्यालयाकडे माहिती अधिकारात एप्रिल-मे २०२१ चे मृत्यू मागितले होते. एकूण किती, त्यात कोरोनाचे किती, आणि तपासणीचा अहवाल हाती येण्याआधीच दगावलेले कोरोना संशयित किती. पहिल्या दोन मुद्द्यांना आकडे आले. तिसऱ्यापुढे निळ्या शाईने एकच शब्द, 'निरंक'. शेऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ. आता असा एकही माणूस गेला नाही असं समजायचं, की यांनी कधी लिहूनच ठेवलं नाही असं?

अमळनेरचे आप्पा:
भाऊ, आरोग्य खात्यात लिपिक म्हणून उभी नोकरी केली, हा आमचा रोजचा शब्द. साथरोगांचा अहवाल दर आठवड्याला वर जायचा. रुग्ण नसला तरी कागद गेलाच पाहिजे, आणि त्यावर 'निरंक'. म्हणजे पाहिलं, विचारलं, काही आढळलं नाही. ज्या उपकेंद्राचा कागदच आला नाही त्याच्यापुढे 'अप्राप्त'. या दोघांत गल्लत झाली की साहेब कागद परत भिरकवायचे, आणि बरोबरच करायचे. पोलिओच्या सर्वेक्षणाचा सगळा डोलारा याच फरकावर उभा आहे. 'लुळेपणाचा रुग्ण नाही' असं कळवणारं केंद्र आणि काहीच न कळवणारं केंद्र एकाच मापाने मोजलं, तर साथ दारात आली तरी पत्ता लागायचा नाही. तेव्हा शब्द प्रामाणिकपणे वापरला असेल तर अर्थ शून्य.

धुळेकर:
'प्रामाणिकपणे' हीच तर गोम आहे आप्पा. हल्ली निरंकला तिसरा अर्थ चिकटलाय, 'विचारू नका'. माहिती गोपनीय आहे म्हटलं की अधिकाऱ्याला कलम ८ मधला अपवाद दाखवावा लागतो, कलम ७(८) खाली कारण द्यावं लागतं, अपील कुणाकडे करायचं तेही लिहावं लागतं. निरंक लिहिलं की माहिती 'दिली' असं धरतात. नकारच नाही, तर कारण कशाचं देणार?
दिल्लीतही हेच. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत लेखी उत्तर आलं, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर खोटं नाही. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टर देतात, त्यावर आजार लिहितात, 'सिलिंडर संपला' असं कोण लिहील? त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंबद्दल 'अशी माहिती ठेवलेली नाही' असं उत्तर मिळालं होतं. लोक त्यावर चिडले, पण माझ्या मते भाषा म्हणून तेच उत्तर सरळ होतं.

रावेरची वाचक:
मला 'गुलदस्त्यात' खटकतो. 'विषाणूचा उगम अजून गुलदस्त्यात' असा मथळा टाकला की तिथे कुणी ठेवला ते वाक्यातून गायब. चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटाने ११ जानेवारी २०२० ला विषाणूचा जनुकीय क्रम जगापुढे ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करायला लावली. वुहानच्या सुरुवातीच्या रुग्णांचे काही क्रम अमेरिकेतल्या सरकारी साठ्यात होते, ते जमा करणाऱ्या चिनी संशोधकांच्याच विनंतीवरून काढले गेले. पुढे २०२१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेसी ब्लूम यांनी त्यातले काही हुडकून काढले. इथे 'काढून घेतले', 'बंद पाडली' अशी क्रियापदं हवीत. आणि आपण तरी कुठे वेगळे? एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांना आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेकडची कोरोना चाचण्यांची माहिती संशोधनासाठी खुली करा म्हणून पंतप्रधानांना जाहीर साकडं घालावं लागलं होतं.

साक्रीकर:
आमच्या अहिराणीत सोपं काम. 'त्यास्नी आकडा दपाडी ठेवात भो.' दपाडणारा, म्हणजे लपवणारा, वाक्यात येतोच.

अमळनेरचे आप्पा:
दपाडायला आधी आकडा हवा. तो होता, हे खरं. गावागावांत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, रजिस्टरं भरलेली होती. नागरी नोंदणीप्रमाणे २०२० मध्ये देशात ८१.२ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ मध्ये १.०२ कोटी. एका वर्षात वीस लाखांच्या वर वाढ! कोरोनाचे म्हणून सरकारने त्या वर्षी जाहीर केलेले मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत. वाढ सगळी कोरोनाचीच असं मी म्हणत नाही, पण हा २०२१ चा अहवाल बाहेर आला मे २०२५ मध्ये. त्याला निरंक लागू नाही, अप्राप्तही नाही. मी 'अडवून ठेवलेला' म्हणेन, धुळेकर याहून कडक बोलतील.

धुळेकर:
दपाडलेला. साक्रीकरांचा शब्द उसना घेतो.

चाळीसगावकर:
मग अपिलात काय लिहू?

अमळनेरचे आप्पा:
तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. 'निरंक म्हणजे अभिलेख तपासून शून्य, की अभिलेख उपलब्ध नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे', एवढं एक वाक्य पुरे. अभिलेखाची पाहणी करायला मिळावी हेही त्यात मागा. आणि नव्या अर्जात 'कोरोना संशयित' हा शब्द टाळा. त्या वेळी असे बरेच रुग्ण 'सारी' म्हणून लिहिलेले असत, तीव्र श्वसनविकाराचे. 'सारीचे मृत्यू, महिनावार' असं मागा. त्या नावाचा कागद निघाला, तर त्यापुढे निरंक लिहिणं त्यांना जड जाईल.