आई आणि धाकटा भाऊ, दोघांसाठी एकच निवासी केंद्र: काय बघून ठरवावं?

सांजवेळ७:
आई ७८ वर्षांची. पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी, व्हीलचेअरवर असते. भाऊ ४६, डाउन सिंड्रोम. त्याचं सगळं आजवर आईच करायची. दोघांना एकत्र ठेवायचंय. बजेट माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त खरंच जमणार नाही. नावं नकोत, काय तपासायचं ते सांगा.

धुरंधर:
बजेटचं नंतर बघू. सासऱ्यांना ठेवलंय तिथे बाग, वाचनालय, फिजिओथेरपी सगळं आहे. स्वस्तात जाल तर पस्तावाल. आम्ही तर स्वतंत्र खोलीच घेतली.

कडू_कारलं:
बाग काय चाटायचीय? आत्या होती तिथेही बाग होती. रात्री अख्ख्या मजल्याला एक मावशी, तीही झोपलेली. पाठीला जखमा झाल्या तेव्हा आम्हाला कळलं. रात्रपाळीत किती माणसं ते विचारा.

पाळीवरची:
नर्स आहे म्हणून लिहिते. स्वतःहून हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याची नोंदवही बघायला मागा. दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर समजून जा. माकडहाड आणि टाचा रोज कोण बघतं तेही विचारा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतो का? लागत असेल तर ताठ बसवूनच भरवलं पाहिजे, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून भेट जेवणाच्या वेळी द्या, न कळवता.

धुरंधर:
आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे, परदेशी. कूसबिस बदलायला लागत नाही.

पाळीवरची:
लागते. गादी कितीही भारी असली तरी.

नेमकं_बोला:
मुलं असताना आईला बाहेर ठेवायचं? आमच्यात नाही असं.

कडू_कारलं:
मग तुम्ही या रात्री दोनला कूस बदलायला.

टेपवाला:
मोजपट्टी न्या. व्हीलचेअरला दार निदान ८० सेंमी मोकळं हवं, वळायला दीड मीटर जागा. उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट उंचीपेक्षा, चढा नको. संडासातले आधाराचे दांडे हाताने ओढून बघा, काही नुसते शोभेचे असतात. आणि रात्री किती माणसं असतात ते नक्की विचारा.

कडू_कारलं:
ते मी वर लिहिलंय.

पाळीवरची:
भावाबद्दल. डाउनमध्ये अल्झायमर लवकर, चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. थायरॉइडचा त्रासही बऱ्याच जणांना असतो आणि त्याची सुस्ती विसरभोळेपणासारखीच दिसते. दाखल करण्याआधी तपासून घ्या. त्याची गरज वेगळी आहे, दोघांना वेगळं ठेवा.

धुरंधर:
वेगळंच ठेवा.

टेपवाला:
+१. ठेव कधी आणि किती परत मिळणार, तेही करारात लिहून घ्या.

सांजवेळ७:
सगळ्यांचे आभार. एकत्रच ठेवतेय. आई दिसली नाही तर तो जेवत नाही, आणि तिची अडखळती बोली फक्त त्यालाच कळते. बाग नाही, खोली लहान आहे, पण रात्री दोन मावश्या जाग्या असतात, मी अचानक जाऊन पाहिलं. आधी महिनाभराच्या तात्पुरत्या मुक्कामावर ठेवणार. थायरॉइडची तपासणी उद्या आहे.

धुरंधर:
लहान खोलीत घुसमटतील. बघा बुवा.

नवखा_वाचक:
त्या केंद्राचं नाव व्यनि (खासगी निरोप) कराल का? माझंही बजेट साधारण तेवढंच आहे.