'अँड'च्या आधीचा स्वल्पविराम सक्तीचा आहे का?

प्रश्न :
संस्थेच्या इंग्रजी अहवालाचे संपादन करताना यादीतील शेवटच्या घटकाआधी, म्हणजे 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी, स्वल्पविराम द्यावा की नाही यावरून आमच्यात मतभेद झाले आहेत. एक सहकारी अमेरिकेतील मेन राज्यातल्या खटल्याचा दाखला देऊन तो सक्तीचा मानतात. त्या खटल्यातून असा नियम निघतो का?

उत्तर १ :
नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाची ही पद्धत असल्याने त्याला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. 'शिकागो मॅन्युअल' ही अमेरिकेतील लेखनशैलीची मार्गदर्शिका त्याची शिफारस करते, तर असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था साध्या यादीत तो वगळते. दोन्ही रीती शिष्टसंमत आहेत.

उत्तर २ :
त्या खटल्याबद्दल अर्धवट माहितीच अधिक पसरली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला होता. ज्या कामांना असा मोबदला लागू नव्हता, त्यांच्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचे वितरण हे वेगळे काम, की पाठवणी किंवा वितरणासाठी माल बांधणे हे एकच काम, असा वाद उभा राहिला. चालक माल बांधत नव्हते, तो पोहोचवत होते. 2017 मध्ये अपील न्यायालयाने स्वल्पविराम हवाच होता असे म्हटले नाही. मेनच्या कायदेलेखनाच्या मार्गदर्शिकेतच तो टाळावा असे सांगितले होते. न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि वेतनविषयक कायद्याचा अर्थ कामगारांच्या बाजूने उदारपणे लावण्याच्या तत्त्वानुसार चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने दुरुस्ती करताना अर्धविराम वापरले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्यूटिंग' घातले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. कारण इतर कामांची नावे 'इंग'मध्ये संपत असताना हा एकच शब्द वेगळ्या घडणीचा होता, हाही चालकांचा युक्तिवाद होता.

उत्तर ३ :
वरील उत्तराशी सहमत आहे. हा स्वल्पविराम कधी स्वतःच घोटाळा करतो. 'द चेअरमन, मिस्टर राव, अँड द सेक्रेटरी' यात राव हेच अध्यक्ष आहेत की माणसे तीन आहेत, हे कळत नाही. दुसरा स्वल्पविराम काढला की तीन माणसे सहज दिसतात. आपण अहवालभर एकच पद्धत पाळावी आणि जिथे शंका उरते तिथे चिन्हावर विसंबून न राहता घटकांचा क्रम बदलावा किंवा वाक्य नव्याने लिहावे.