अनुभव धागा : वर्गात आपल्याला कोण म्हणून पाहिले गेले?

मुंबई महापालिकेच्या शाळांत आठ माध्यमांतून शिकवले जाते. पण माध्यम ठरले की मुलाच्या ओळखीचा प्रश्न मिटला, हे शिक्षिका म्हणून मला पटत नाही. वर्गात तुम्हाला कोण समजले गेले आणि त्यामुळे शिकणे कसे घडले वा अडले, ते कृपया लिहावे.

लालबागहून
सातवीत शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी भर वर्गात जातीनिहाय नावे पुकारून आम्हाला उभे केले गेले. पुढच्याच तासाला गणिताची चाचणी होती आणि आदल्या रात्री सोडवलेलीच उदाहरणे मला सुटेनात. ही माझीच कमजोरी, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो. पुढे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांचा उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांवरचा, 2004 साली मांडलेला प्रयोग वाचला: जात जाहीर झालेली नसताना कोडी सोडवण्यात दलित व सवर्ण मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, ती सर्वांदेखत पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

वरळी कोळीवाड्यातून
दप्तराला सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून शेजारची मुलगी बाक बदलून गेली होती, तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडत नसे. भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी शिकवताना सरांनी सहज विचारले, "आज भरती किती वाजता?" सगळे गप्प. त्या दिवशी चतुर्थी होती, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे वडिलांनी होडीत शिकवलेले, म्हणून मी "तीन वाजता" म्हणाले. सरांनी मला फळ्याजवळ बोलावले आणि अष्टमीला सहा कसे, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी उंचीची, भरती का, हे माझ्याकडून वर्गाला समजावून घेतले. चिडवणे काही थांबले नाही. पण गुणाकार-भागाकार आमच्या घरातही चालतो हे मला त्या दिवशी कळले, आणि गणिताची वही मी स्वतःहून उघडू लागले.

परळहून
दिवसभर कारखान्यात मला 'ए पोऱ्या' म्हणत. रात्रशाळेत सर हजेरी घेताना आडनावापुढे 'राव' लावून 'तुम्ही' म्हणत. थकून डोळे मिटत असले, तरी त्या हजेरीसाठी मी वेळेवर पोहोचत असे.