११५ वॅटचा २एन३०५५ ट्रान्झिस्टर चाळीस वॅटला कसा जळतो?

महालचा_रेडिओवाला

नमस्कार. नागपूरच्या महालात माझं गाडीचे टेप-अँप्लिफायर दुरुस्त करायचं लहान दुकान आहे, वर टिन. दिवाळीनंतर टेबलासाठी १२ व्होल्टचा सप्लाय बनवला. १८ व्होल्ट ८ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे व्होल्टेज १२ वर धरायला एकच २एन३०५५ ट्रान्झिस्टर. सलग ४ अँपिअर काढतो. पूर्ण हिवाळा चालला. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि आठ दिवसांत दोन ट्रान्झिस्टर गेले, दोन्ही कलेक्टर-एमिटर शॉर्ट. दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाच्या अँप्लिफायरमध्ये १२ च्या जागी २२ व्होल्ट गेले. तो मला भरून द्यावा लागला, म्हणून विचारून राहिलो.

लोडवर कपॅसिटरपाशी २२ व्होल्ट मिळतात. म्हणजे ट्रान्झिस्टरवर १० व्होल्ट, गुणिले ४, चाळीस वॅट. डेटाशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्याच पानावर लिहिलंय: १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. मी तर निम्म्यातही नाही! बर्डीतल्या दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला असं वाटतं, तसं त्याला तोंडावर बोललोही. प्रोब लावून मोजलं तर सिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) १३५ अंश आणि डब्यातली हवा ५५. खाली अभ्रक आणि पांढरी पेस्ट आहे. चूक कुठे?

लॅबवाले_काका

भाऊ, तू सिंकचं आणि हवेचं दोन्ही तापमान मोजलंस, त्यामुळे अंदाज करायची गरजच राहिली नाही. मी पस्तीस वर्षं मुलांना प्रयोगशाळेत हेच शिकवलं आणि दरवर्षी अर्धा वर्ग याच पहिल्या पानावर अडकायचा.

११५ वॅटच्या शेजारी बारीक अक्षरात अट असते: केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, २५ अंशावर असताना. तो आकडा आला कुठून ते बघ. आतल्या सिलिकॉनला, म्हणजे जंक्शनला, जास्तीत जास्त २०० अंश चालतात. जंक्शनपासून त्या कवचापर्यंत दर वॅटला १.५२ अंश चढतात. २०० उणे २५, भागिले १.५२, झाले ११५. आता आपल्या नागपुरात मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा ४५ अंश असतात, आणि तुला चालू ट्रान्झिस्टरची केस २५ वर ठेवायची आहे. बर्फाच्या पाण्यात बुडवला तरच जमेल.

तुझा हिशेब असा. सिंक हवेपेक्षा ८० अंश वर, उष्णता ४० वॅट, म्हणजे सिंक दर वॅटला २ अंश. अभ्रक आणि पेस्टचे साधारण अर्धा अंश धर. आतले दीड. एकूण ४. चाळीस वॅटला १६० अंशांची चढण. डिसेंबरात डब्यात २० अंश असतील तर जंक्शन १८०, कसंबसं जगलं. आता डब्यात ५५ आहेत: २१५. मेलं.

हेच डेटाशीटमधल्या डेरेटिंगच्या (तापमानानुसार वॅट कमी करायच्या) ओळीवरून ताडून बघ. २५ च्या वर केसच्या प्रत्येक अंशाला ०.६५७ वॅट कमी करायचे. तुझी केस १५५ च्या आसपास, म्हणजे १३० अंश वर. ८५ वॅट गेले, उरले ३०. त्यात तू ४० घातलेस. दुकानदारावर ठपका ठेवण्याआधी हे गणित करायला हवं होतं. नकली २एन३०५५ बाजारात असतात, टोपी कापली की आत टिचभर चिप दिसते, पण तुझे मरायला नकली असण्याची गरजच नव्हती.

१५ अँपिअरचंही तसंच. १५ गुणिले ६० म्हणजे ९०० वॅट. ते तिन्ही आकडे एका वेळी कधीच मिळत नाहीत, प्रत्येक आपापली वेगळी भिंत आहे. शिवाय गेन बघ, म्हणजे बेसमधल्या करंटच्या किती पट करंट मिळतो ते. ४ अँपिअरला कमीत कमी २० ची हमी, १० अँपिअरला फक्त ५. म्हणजे दहा काढायला बेसमध्ये दोन अँपिअर ढकलायची तयारी हवी. मी स्वतः या ट्रान्झिस्टरकडून ३ च्या वर सलग काम घेत नाही.

उपाय: दोन ट्रान्झिस्टर समांतर, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम ५ वॅटचा सिमेंटवाला रेझिस्टर. तो टाळू नकोस. तापलेला ट्रान्झिस्टर तेवढ्याच बेस व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो, आणखी तापतो, आणि शेवटी सगळं ओझं त्या एकाच्याच डोक्यावर येतं. सिंक डब्याच्या बाहेर, मागच्या बाजूला, पात्या उभ्या. जंक्शन १५० च्या आत ठेव, २०० वर नाचवू नकोस.

सोल्डर_धूर

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर उष्णता जवळपास निम्मी होईल. सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

लॅबवाले_काका

बरोबर, पण आधी संध्याकाळी मेन्स (भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज) मोजा. ४ अँपिअरला १०,००० मायक्रोफॅरडवर सुमारे ४ व्होल्टांची लाट राहते. सगळे कूलर सुरू झाले आणि मेन्स २०० वर आला, तर त्या लाटेचा तळ १३ च्या आसपास उतरेल आणि स्पीकरमधून घूं ऐकू येईल. कपॅसिटर दुप्पट करणार असाल तर जरूर करा.

धरमपेठ_अँप

काकांच्या हिशेबात एक गोष्ट जोडतो, कारण माझे ट्रान्झिस्टर तिथेच गेले होते. दुरुस्तीच्या टेबलावर वायर शॉर्ट होतेच. करंट लिमिट ४ अँपिअर असेल तर शॉर्टमध्ये आउटपुट शून्य, म्हणून पूर्ण २२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर: ८८ वॅट. चालू कामाच्या दुपटीहून जास्त! म्हणून फोल्डबॅक लिमिट लावा, शॉर्टमध्ये करंट एक अँपिअरवर उतरेल असा.

डेटाशीटमधला सेफ ऑपरेटिंग एरियाचा (किती व्होल्टला किती करंट सुरक्षित) आलेख काढा आणि डीसीची, म्हणजे सलग करंटची, रेघ बघा, मिलिसेकंदांच्या रेघा नाही. २एन३०५५ ची रेघ ४० व्होल्टच्या पुढे जास्त झपाट्यानं खाली येते. तिथे वॅटचा गुणाकार बसला तरी चिपच्या एका ठिपक्यात करंट गोळा होऊन तो जळतो. तुम्ही २२ वर आहात, तुम्हाला ती भीती नाही. आणि आउटपुटला १५ व्होल्टवर पेटणारा एससीआर (पेटला की आउटपुट शॉर्ट करणारा स्विच) आणि अलीकडे फ्यूज लावा. ट्रान्झिस्टर पुन्हा शॉर्ट झाला तर फ्यूज जाईल, गिऱ्हाइकाचा अँप्लिफायर नाही.

महालचा_रेडिओवाला

आधी बर्डीला गेलो, त्या दुकानदाराची माफी मागितली आणि रेझिस्टर त्याच्याकडूनच घेतले. जुन्यातल्या एकाची टोपी हॅकसॉनं कापून त्याच्यासमोरच दाखवली, आत चिप चांगली मोठी निघाली.

दोन ट्रान्झिस्टर बसवले, सिंक बाहेर, त्यावर १२ व्होल्टचा लहान पंखा. ट्रान्सफॉर्मर जुनाच. आज दुपारी दोन वाजता दुकानात ४४ अंश होते, तासभर ४ अँपिअर काढले: सिंक ८५ वर थांबलं. प्रत्येकी २० वॅट गुणिले २, म्हणजे जंक्शन १२५, बरोबर ना काका? रेझिस्टरांवर ०.४५ आणि ०.४२ व्होल्ट आले.

लॅबवाले_काका

बरोबर. वाटणीतला तेवढा फरक चालतो. पंखा बंद करूनही दहा मिनिटं बघ, सिंकवर नजर ठेव. ११० गाठलं की लोड काढ.

महालचा_रेडिओवाला

दहाव्या मिनिटाला १०८ झालं, तिथेच बंद केलं. सिंकवर ९० अंशांचा थर्मल स्विच लावून लोड तोडायचं ठरवलंय. फोल्डबॅक आणि एससीआर रविवारी जोडतो, तोवर गिऱ्हाइकाचं काहीच याला लावणार नाही.