मदत हवी आहे : टी९१ नळीवर इतका जाड ऑक्साइड कसा?

निखारा :
टी९१ पोलादाचे (९ टक्के क्रोमियम असलेल्या, बॉयलरच्या नळ्यांसाठीच्या पोलादाचे) तुकडे आम्ही ६५० अंश सेल्सिअसला १००० तास भट्टीत ठेवले, तेव्हा त्यांवर जेमतेम रंग चढला. त्याच प्रतीच्या, वापरातून काढलेल्या सुपरहीटर नळीवर (बॉयलरमधली वाफ आणखी तापवणाऱ्या नळीवर) मात्र दोन पदरी जाड थर आहे. कारण काय असावे? अहवाल उद्याच द्यायचा आहे.

तापमापी :
थर नळीच्या आतून आहे की बाहेरून? आणि भट्टीत हवा होती की वाफ? एवढे कळल्याशिवाय काहीही सांगणे हा अंदाजच ठरेल.

निखारा :
भट्टीत अर्थातच साधी हवा होती. थर आतल्या बाजूला आहे. परंतु नळीचे तापमान तर भट्टीपेक्षा कमी होते!

जुनीभट्टी :
सरळ १२ टक्के क्रोमियमचे एक्स२० पोलाद वापरा. मी अनेक वर्षे वापरले, थराची तक्रार कधी आली नाही.

सूक्ष्मदर्शी :
एक्स२०ची क्रीप-ताकद (उष्णतेत सतत ताणाखाली हळूहळू न लांबण्याची क्षमता) टी९१पेक्षा कमी आहे, हे आपण सोडून देत आहात. आणि नायट्राइडांच्या (धातू-नायट्रोजन संयुगांच्या) बारीक कणांनी बळकट केलेल्या पोलादात क्रोमियम ११-१२ टक्क्यांवर नेले, की दीर्घ वापरात झेड फेज नावाचे मोठे कण तयार होऊन ते बारीक नायट्राइडच गिळतात आणि ताकद घटते.

जुनीभट्टी :
ताकद कमी असेल तर नळीची भिंत जाड घ्यावी.

शुद्धजल :
थर काढायचा असल्यास आम्लाने धुताना, धातू खाल्ला जाऊ नये म्हणून, प्रतिरोधक द्रव्य अवश्य मिसळावे.

निखारा :
थर काढायचा नाही, त्याचे कारण हवे आहे.

तापमापी :
कारण तापमानात नाही, वाफेत आहे. कोरड्या हवेत क्रोमियमने समृद्ध असा पातळ, दाट थर बनतो आणि टिकतो. वाफेत तो टिकवून धरायला ९ टक्के क्रोमियम पुरत नाही, म्हणून लोह बाहेर सरकून वरचा मॅग्नेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) पदर वाढतो आणि ऑक्सिजन आत शिरून खाली लोह-क्रोमियम स्पिनेलचा (दोन्हींच्या मिश्र ऑक्साइडचा) पदर वाढतो. दोन पदरांमधली रेषा म्हणजे साधारणपणे धातूचा मूळ पृष्ठभाग. त्या रेषेवर क्रोमियमचे प्रमाण एकदम चढलेले दिसले, तर शंका उरणार नाही. शिवाय हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे तो वाढेल तसे नळीच्या धातूचे तापमानही चढत जाते.

सूक्ष्मदर्शी :
तुकडा कापण्याआधी थरावर रेझिन ओतून घट्ट होऊ द्या, नाहीतर वरचा पदर सुटून येईल आणि नेमकी तीच रेषा हाती लागणार नाही.