मदत हवी आहे : चेता-आवेगानंतर विभव पूर्ववत कोण करतो, पंप की वाहिन्या?

नमस्कार. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चेतापेशींच्या धड्यातील एका विधानाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आवेग (चेतापेशीतून धावणारा विद्युत संदेश) सुरू होताना सोडियमच्या वाहिन्या (पेशीपटलातील आयन जाऊ देणारी प्रथिनांची द्वारे) उघडल्या की सोडियमचे आयन आत शिरतात, पेशीपटलाचा विभव (आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमधील विद्युत दाबाचा फरक) सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवरून धन बाजूला जातो आणि नंतर 'सोडियम-पोटॅशियम पंप तो पूर्ववत करतो', असे काही मार्गदर्शिकांत छापलेले असते. (हा पंप म्हणजे ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पटलातील प्रथिन.)

हे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. आवेग एक-दोन मिलिसेकंदांत संपतो आणि तेवढ्यात विभव खाली आणण्याचे काम प्रामुख्याने पोटॅशियमच्या वाहिन्या करतात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्येच मांडले होते. पुढे १९५५ मध्ये हॉजकिन आणि केन्स यांनी माकूल (स्क्विड) वर्गातील प्राण्यांच्या जाड अक्षतंतूंना (चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब धाग्यांना) सायनाइडसारखी विषे देऊन सोडियम बाहेर टाकण्याची क्रिया थांबवली, तरीही ते तंतू आवेग वाहून नेत राहिले. एका आवेगात पटलाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून साधारण साडेतीन पिकोमोल (पिकोमोल म्हणजे मोलचा एक लाख कोटीवा भाग) सोडियम आत येते असे धरले, तर अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तंतूतील सोडियम एक लाखांशानेही वाढत नाही.

माझी खरी अडचण बारीक तंतूंची आहे. व्यास कमी झाला की घनफळाच्या मानाने पृष्ठफळ वाढते, त्यामुळे वेदनेचे संदेश नेणाऱ्या, मायलिनचे (मेदयुक्त, विद्युतरोधक) आवरण नसलेल्या एक मायक्रोमीटर व्यासाच्या तंतूसाठी हाच हिशेब केल्यावर एकाच आवेगात आतील सोडियम जवळजवळ एक टक्क्याने वाढते, असे उत्तर येते. या बारीक तंतूतील सोडियमचे मूळ प्रमाण मी लिटरला १५ मिलिमोल धरले आहे. असे आवेग लागोपाठ येऊ लागले, तर पंपाला फार काळ थांबता येणार नाही. शिवाय तो प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर टाकून दोनच पोटॅशियम आत घेतो, म्हणजे त्याच्या कामानेही पटल थोडे अधिक ऋण होणारच.

तेव्हा माकुलाच्या तंतूवर मोजलेला साडेतीन पिकोमोलचा आकडा सस्तन प्राण्यांच्या बारीक तंतूंना लावणे योग्य आहे का, की त्यांच्यात सोडियम याहून काटकसरीने आत येते? आणि 'विभव वाहिन्या पूर्ववत करतात, पंप आयनांचा साठा राखतो' हे वाक्य मी विद्यार्थ्यांना लिहून दिले, तर ते अशा तंतूंच्या बाबतीतही बिनचूक ठरेल का?